जगात सगळीकडे

६ जानेवारी १९४१, सोमवारची दुपार. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये दोन्ही सभागृहांचे सदस्य एकत्र बसले होते आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट वार्षिक अभिभाषणासाठी त्यांच्यापुढे उभे होते. उभं राहणं हेच त्यांच्यासाठी कष्टाचं काम होतं. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे दोन्ही पाय लुळे केले होते. पायांना पोलादी पट्ट्या बांधून, एका हातात काठी घेऊन आणि दुसऱ्या हाताने कुणाचा तरी दंड धरून ते व्यासपीठापर्यंत येत आणि मग समोरचं मेज घट्ट पकडून बोलत. रेडिओवर ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवत नसे. आवाज भरदार, लय संथ, शब्द सुटे.

त्या भाषणाच्या अखेरच्या काही ओळी पुढे जगभर गेल्या. बोलण्याचं स्वातंत्र्य, आपापल्या रीतीने ईश्वराची उपासना करण्याचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भीतीपासून मुक्ती. ‘चार स्वातंत्र्यांचं भाषण’ म्हणूनच ते आज ओळखलं जातं. सभागृहात बसलेल्यांना मात्र त्यात ऐकू आली ती शस्त्रांची मागणी, आणि त्यांचं ऐकणं चुकलं नव्हतं. भाषण शस्त्रांसाठीच लिहिलेलं होतं. शस्त्रं मागणाऱ्या भाषणातून जगभरच्या माणसांना हक्क सांगता येईल अशी भाषा कशी निघाली आणि ज्यांना ती उद्देशून नव्हती त्यांनीच ती कशी उचलली, ही गोष्ट मला त्या भाषणाइतकीच मोलाची वाटते.

अध्यक्षाने संसदेला ‘वेळोवेळी’ देशाची स्थिती कळवावी आणि योग्य वाटतील ते उपाय सुचवावेत, एवढंच अमेरिकेची राज्यघटना सांगते. जॉर्ज वॉशिंग्टननी १७९० च्या जानेवारीत, राजधानी न्यूयॉर्कला असताना, पहिलं भाषण केलं. १८०१ मध्ये थॉमस जेफरसननी प्रथा मोडली; राजाने सिंहासनावरून बोलावं तसं ते त्यांना वाटलं. मग शंभराहून अधिक वर्षं हा नुसता कागद होता, कारकुनाने वाचून दाखवायचा. मन्रोंचं १८२३ चं प्रसिद्ध धोरणही अशाच लेखी निवेदनातून आलं. वुड्रो विल्सननी १९१३ मध्ये पुन्हा सभागृहात जाऊन बोलायला सुरुवात केली, १९२३ मध्ये कूलिजचं भाषण रेडिओवर गेलं, आणि अध्यक्ष संसदेपुढे उभा राहून साऱ्या देशाशी बोलू लागला. आपल्याकडे राष्ट्रपती वाचतात ते अभिभाषण मंत्रिमंडळाने तयार केलेलं असतं. तिथे अध्यक्ष आपलं धोरण आपल्याच तोंडाने मांडतो, आणि ते मान्य करणं न करणं संसदेच्या हाती असतं. त्यामुळे त्याला आधी माणसं वळवावी लागतात.

१९४० च्या अखेरीला माणसं वळवणं सोपं नव्हतं. जूनमध्ये फ्रान्स पडला होता. लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते. ब्रिटन अमेरिकेकडून शस्त्रं घेत होतं, पण तटस्थतेच्या कायद्यानुसार रोख पैसे मोजून आणि स्वतःच्या जहाजांतून. कर्ज द्यावं तर १९३४ चा जॉन्सन कायदा आडवा येत होता. पहिल्या महायुद्धाची देणी थकवलेल्या देशांना नवं कर्ज देण्यास त्यात मनाई होती. ८ डिसेंबरला चर्चिलनी एक लांबलचक पत्र लिहिलं. टस्कलूसा या युद्धनौकेवर कॅरिबियन समुद्रात विश्रांती घेणाऱ्या रूझवेल्टना ते विमानाने पोचवण्यात आलं. रोख पैसे देता येणार नाहीत अशी वेळ जवळ येत चालली आहे, हा त्याचा गाभा.

रूझवेल्ट परतले ते तोडगा घेऊनच. १७ डिसेंबरला त्यांनी पत्रकारांना शेजाऱ्याच्या आगीचा दाखला दिला. त्याच्या घराला आग लागली असताना मी त्याला बागेतला पाण्याचा पाइप देतो, तेव्हा आधी पंधरा डॉलर टाक असं म्हणत नाही. आग विझल्यावर मला माझा पाइप परत हवा असतो. एवढ्या एका दाखल्याने त्यांनी चर्चेतून पैसाच काढून टाकला. २९ तारखेला रेडिओवरून त्यांनी अमेरिकेने लोकशाहीचं शस्त्रागार व्हावं असं आवाहन केलं. त्याच रात्री जर्मन विमानांच्या आगलाव्या बॉम्बनी लंडनचा जुना भाग पेटला होता. आता उरलं होतं संसदेचं मन वळवणं. तिथे अनेकांच्या मनात एकच शंका होती: आज शस्त्रं, उद्या आमची मुलं. ऑक्टोबरच्या प्रचारात बोस्टनला याच रूझवेल्टनी आईबापांना शब्द दिला होता की तुमच्या मुलांना परक्या युद्धात पाठवलं जाणार नाही.

भाषणाचे सात मसुदे झाले. लिहिणाऱ्यांत न्यायाधीश सॅम्युअल रोझेनमन, नाटककार रॉबर्ट शेरवूड आणि व्हाइट हाउसमध्येच मुक्कामाला असलेले हॅरी हॉपकिन्स होते. चौथ्या मसुद्याच्या वेळचा प्रसंग रोझेनमननी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. अध्यक्षांच्या अभ्यासिकेत सगळे बसले होते. शेवट कसा करावा हे मला सुचलंय, असं म्हणून रूझवेल्ट खुर्चीत मागे रेलले आणि छताकडे बघत राहिले. शांतता इतकी लांबली की बाकीच्यांना अवघडल्यासारखं झालं. मग ते सावकाश सांगू लागले आणि रोझेनमन पिवळ्या कागदांवर उतरवून घेऊ लागले. ही कल्पना त्या क्षणी आकाशातून पडलेली नव्हती. १९४० च्या जुलैमध्ये एका पत्रकार परिषदेत त्यांनी अशी काही स्वातंत्र्यं बोटांवर मोजली होती. पण आता तिला घाट आला. प्रत्येक स्वातंत्र्याच्या शेवटी त्यांनी तेच शब्द घातले: जगात सगळीकडे.

हॉपकिन्सना ते खटकलं. यात फारच मोठा मुलूख येतो, जावाच्या लोकांचं काय होतं याच्याशी अमेरिकन माणसाला कितपत देणंघेणं असेल, असं ते म्हणाले. एक दिवस असावं लागेल, असं रूझवेल्टनी उत्तर दिलं; जग इतकं लहान होत चाललंय की जावाचे लोकही आता आपले शेजारी झालेत. शब्द तसेच राहिले. चौदा महिन्यांनी जपानने जावा घेतलं. १ मार्च १९४२ ला ह्यूस्टन ही अमेरिकन क्रूझर जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत बुडाली, आणि तिच्याबरोबर सुमारे सातशे खलाशी गेले. रूझवेल्ट स्वतः याच ह्यूस्टनवरून अनेकदा सागरी प्रवासाला गेले होते.

भाषणाची बांधणी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. पहिल्याच परिच्छेदात ते म्हणतात की बाहेरून इतका मोठा धोका अमेरिकेला पूर्वी कधीच नव्हता. मग इतिहासाचा धावता आढावा, मग हुकूमशहाच्या मेहेरबानीवर मिळालेल्या शांततेत स्वातंत्र्य, व्यापार, धर्म यांतलं काहीच टिकत नाही असा इशारा. त्यानंतर धोरण तीन कलमांत: स्वतःचं संरक्षण, लढणाऱ्या देशांना भरघोस मदत, आणि आक्रमकांच्या अटींवरच्या तहाला नकार. लढणाऱ्यांना रोख पैसे देता येत नाहीत एवढ्यासाठी त्यांना शरण जा असं आम्ही सांगणार नाही, हे वाक्य थेट चर्चिलच्या पत्राचं उत्तर आहे. हुकूमशहा या मदतीला युद्धाची कृती म्हणतील तर म्हणोत, असंही त्यांनी बजावलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते एक समर्थ युद्धभाषण झालं असतं. पण इथून ते एकदम घराकडे वळतात. माणसं नुसत्या शस्त्रांच्या जोरावर लढत नाहीत, आपण जे राखतो आहोत ते राखण्याजोगं आहे हा विश्वास लागतो, असं सांगून ते निरोगी लोकशाहीच्या अपेक्षांची यादी देतात. तरुणांना समान संधी. काम करू शकणाऱ्याला काम. गरजूला आधार. मूठभरांच्या खास सवलतींचा शेवट. सर्वांचे नागरी हक्क. विज्ञानाची फळं वाढत्या राहणीमानाच्या रूपाने सगळ्यांच्या पदरात. लगेच पुढे व्यवहाराची भाषा येते: म्हातारपणाचं पेन्शन आणि बेकारीचा विमा आणखी लोकांपर्यंत न्या, औषधोपचाराची सोय वाढवा. आणि त्याची किंमतही त्याच दमात सांगून टाकलेली: कर वाढतील, ते ऐपतीप्रमाणे असतील, आणि या कार्यक्रमातून कुणी गबर होता कामा नये.

युद्ध दारात आल्यावर गरिबांच्या मागण्या बाजूला ठेवायच्या, ही राज्यकर्त्यांची जुनी सवय. रूझवेल्टनी उलट केलं. मंदीच्या काळात सुरू केलेला लोककल्याणाचा कार्यक्रम त्यांनी संरक्षणाचाच भाग ठरवला. माझ्या मते या भाषणातलं सर्वांत धाडसी पाऊल हे, आणि चार स्वातंत्र्यं त्यातूनच उगवलेली आहेत. पहिली दोन अमेरिकन घटनेत आधीपासून होती. तिसरं, अभावापासून मुक्ती, तिच्यात नव्हतं. चौथ्याचा त्यांनी दिलेला अर्थ बहुतेक जण विसरतात: कुठलाही देश शेजाऱ्यावर हल्ला करूच शकणार नाही इतकी जगभर शस्त्रकपात. अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रमागण्यांपैकी एक करणारं भाषण शस्त्रकपातीच्या मागणीशी येऊन थांबतं. यात विसंगती काढता येईल. मला त्यात एक शिस्त दिसते. शस्त्रं कशासाठी मागतो आहोत आणि ती कधी खाली ठेवायची, हे मागतानाच सांगून ठेवलेलं होतं. हे दूरच्या रामराज्याचं स्वप्न नसून आपल्याच पिढीत साधता येईल असं जग आहे, असंही त्यांनी बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी मदतीच्या योजनेला मथळे दिले. १० जानेवारीला विधेयक मांडलं गेलं. त्याला क्रमांक मिळाला १७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल. दोन महिने कडाक्याचं भांडण झालं. हे धोरण दर चौथ्या अमेरिकन मुलाला मातीत गाडेल, असं सिनेटर बर्टन व्हीलर म्हणाले. कनिष्ठ सभागृहात २६० विरुद्ध १६५ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतांनी ते पार पडलं, आणि ११ मार्चला ‘लेंड-लीज’ कायदा झाला. युद्ध संपेपर्यंत त्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची सामग्री गेली. मागितलं ते मिळालं. एखादं वार्षिक अभिभाषण इथेच इतिहासजमा व्हायचं.

पण ‘जगात सगळीकडे’ हे शब्द मोकळे सुटले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ रूझवेल्ट आणि चर्चिल जहाजांवर भेटले आणि अटलांटिक सनद जाहीर झाली. त्यात भीती आणि अभाव यांपासून मुक्तीचा उल्लेख होता, आणि प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडण्याचा हक्कही होता. हिंदुस्थानात साहजिकच प्रश्न उठला: आम्हालाही? ९ सप्टेंबरला चर्चिलनी पार्लमेंटमध्ये उत्तर दिलं. सनद मुख्यतः नाझी टाचेखालच्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाबद्दल ब्रिटनने जे म्हटलं आहे त्यात तिने काही बदल होत नाही. आणि तरी १९४२ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये सव्वीस देशांनी सनदेला बांधून घेणारं निवेदन केलं, तेव्हा त्यावर हिंदुस्थानच्या वतीने गिरिजाशंकर बाजपेयींची सही झाली. इतरांच्या स्वातंत्र्यासाठी सही करणाऱ्या या देशाला स्वतःचं सरकार निवडायची मुभा नव्हती.

खुद्द अमेरिकेतही ते शब्द लागू करून बघितले गेले. शस्त्रांच्या कारखान्यांत काळ्या कामगारांना दारातूनच परत पाठवलं जात होतं. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फनी वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा आणण्याचा इशारा दिला, तेव्हा २५ जून १९४१ ला रूझवेल्टनी संरक्षण उद्योगांत भेदभावाला मनाई करणारा आदेश काढला. याच अध्यक्षांनी १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरादारावरून उठवून छावण्यांत टाकण्याचा मार्ग मोकळा केला. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. भीतीपासून मुक्ती देऊ म्हणणाऱ्याने भीतीपोटी केलेली ही कृती आहे आणि तिचं समर्थन करता येत नाही.

१ जुलै १९४२ ला वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधून गांधीजींनी रूझवेल्टना पत्र लिहिलं. ते नेलं अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांनी. पत्राचा सूर मित्राचा आहे. थोरो आणि एमर्सन यांच्या लिखाणाचं आपल्यावरचं ऋण ते आधी मान्य करतात. मग सरळ मुद्द्यावर येतात: हिंदुस्थान आणि आफ्रिकेचं शोषण चालू आहे आणि अमेरिकेच्या घरातच काळ्यांचा प्रश्न पडून आहे, तोवर जगात स्वातंत्र्य राखण्यासाठी लढतो ही दोस्त राष्ट्रांची घोषणा पोकळ वाटते. रूझवेल्टच्या उत्तरावर तारीख आहे १ ऑगस्ट. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे गांधीजींना पकडून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आलं.

त्याच पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्या दिवसांत अमेरिकेत काय चाललं होतं ते या तारखांशेजारी ठेवून बघावं. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने २० फेब्रुवारीच्या अंकात नॉर्मन रॉकवेल यांचं भाषणस्वातंत्र्यावरचं चित्र छापलं. गावसभेत एक कष्टकरी माणूस बोलायला उठला आहे; अंगात साधं जाकीट, खिशात दुमडून खोचलेला कागद, हात समोरच्या बाकावर, आणि आजूबाजूला कोट-टायवाले मान वर करून त्याचं ऐकताहेत. पुढच्या तीन अंकांत उरलेली तीन चित्रं आली. ती देशभर फिरवण्यात आली, सुमारे बारा लाख लोकांनी पाहिली आणि युद्धरोख्यांचे १३ कोटींहून अधिक डॉलर जमले. अभिभाषणातला शेवट अमेरिकेच्या घराघरांत पोचला तो या चित्रांमुळे. इकडे पुण्यात उपास चालू असताना रूझवेल्टचे खास प्रतिनिधी विल्यम फिलिप्स गांधीजींना भेटायची परवानगी मागत होते. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी ती दिली नाही, आणि रूझवेल्टनीही त्यासाठी चर्चिलशी वितुष्ट येऊ दिलं नाही.

त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. मृतांचा आकडा ३० लाखांच्या घरात गेल्याचे अंदाज आहेत. एप्रिल १९४४ मध्ये खुद्द चर्चिलनी ऑस्ट्रेलियाचा गहू हिंदुस्थानात आणण्यासाठी रूझवेल्टकडे जहाजं मागितली. लष्करी गरजांमुळे देता येत नाहीत, असं उत्तर जूनमध्ये आलं. नॉर्मंडीची चढाई तोंडावर होती, कारण खरं होतं. पण अभावापासून मुक्ती ‘जगात सगळीकडे’ म्हणणाऱ्याच्या हिशेबात हा नकारही मांडावाच लागतो.

रूझवेल्टनी स्वतः ते सूत्र मात्र सोडलं नाही. ११ जानेवारी १९४४ चं वार्षिक निवेदन त्यांनी आजारपणामुळे लेखी पाठवलं आणि रात्री व्हाइट हाउसमधून रेडिओवर वाचलं. तीन वर्षांपूर्वी जे ‘अभावापासून मुक्ती’ एवढंच होतं, त्याची त्यांनी आता हक्कांच्या भाषेत यादी केली: उपयोगी आणि मोबदल्याचं काम, पुरेसं अन्नवस्त्र, शेतकऱ्याला जगता येईल असा भाव, घर, उपचार, म्हातारपण आणि बेकारीत संरक्षण, शिक्षण. गरजेने गांजलेला माणूस स्वतंत्र नसतो, हे त्याचं सूत्र. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी मदतीचा कायदा त्याच जूनमध्ये झाला. बाकीची यादी घटनेत कधीच गेली नाही. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले.

१९४७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात हाच विषय आहे, आणि मला तो तिथे रूझवेल्टपेक्षा धारदार झालेला दिसतो. ते म्हणतात की बेकार माणसाला विचारून बघा, कामाचे तास ठरलेले नसलेली कसलीही नोकरी एका बाजूला आणि संघटनेचा, भाषणाचा, धर्माचा हक्क दुसऱ्या बाजूला ठेवला तर तो काय निवडेल. उपासमारीची भीती, घर जाण्याची भीती, पोरांची शाळा सुटण्याची भीती माणसाला मूलभूत हक्कांसाठी उभंच राहू देत नाही. रूझवेल्टच्या यादीत अभाव आणि भीती शेजारी शेजारी आहेत. आंबेडकरांनी दाखवलं की भुकेल्या माणसाच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या गोष्टीच नसतात, आणि पहिली दोन स्वातंत्र्यं त्यांच्यापुढे हरतात. म्हणून मुख्य उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करणारी तरतूद घटनेतच असावी, असा त्यांचा आग्रह होता.

तो मान्य झाला नाही. काम, शिक्षण, आणि बेकारी, म्हातारपण, आजारपणात सरकारी मदत हे भारताच्या घटनेत मार्गदर्शक तत्त्वांत आलं, कोर्टात दाद मागता येणार नाही अशा भागात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी या तत्त्वांची बाजू घेतली. ती मोडणाऱ्या सत्ताधाऱ्याला कदाचित कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे नक्की द्यावा लागेल, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. पुढच्याच महिन्यात, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर होत्या आणि भारताच्या प्रतिनिधी मुंबईच्या हंसा मेहता. जाहीरनाम्याच्या प्रास्ताविकात ती चारही स्वातंत्र्यं आहेत, आणि या वेळी त्यांच्यामागे कुठल्याही शस्त्रांची मागणी नव्हती.